मुशीच्या तेलाचा वास

मित्रांनो, मी एक जुना चामड्याचा चेंडू आहे. माझ्या धन्याचा शेवटचा साधासुधा दिवस मला आठवतो तो तेलाच्या वासासकट. साल १९६४, दोन आठवड्यांपूर्वीचा रविवार. केळव्याच्या घराच्या ओट्यावर पुंडलिक मला मांडीवर घेऊन मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल चोळत बसला होता.

शेजारची जमना सुकी मासळी उलथता उलथता ओरडली, "पुंडलिका, पोरीला तरी कदी इतकं त्याल चोळलंस काय रं?"

"पोरगी रडायची. हा गप ऱ्हातो."

त्याची मुलगी नलू पालघरच्या शाळेत शिकवायची. ती दारात वह्या तपासत होती. "बा, आता कशाला चोळतोस? फुटलाय तो."

"फुटला म्हनून त्याची तहान जाते काय?"

नलूने मान पुन्हा वहीत घातली. का, ते मला ठाऊक होतं.

माझा खेळ वॉटरपोलो. खोल पाण्यात पोहत, एका हाताने चेंडू झेलून समोरच्या जाळ्यात मारायचा. पण पाणी प्यायलो की मी धोंड्यासारखा जड व्हायचो. मी मुंबईच्या एका संघाचा चेंडू होतो; त्या संघात कोळ्यांचा एकच गडी होता, तरुण पुंडलिक. होडीला लावायचं मुशीचं तेल त्याने गावाहून आणलं, मला चोळून कोरडं पुसलं, आणि मी हलका तरंगू लागलो. शहरातले गडी नाक दाबून म्हणत, "अरे, हा चेंडू आहे की बोंबील?"

"बोंबील तर बोंबील. जाळ्यात गेला म्हंजे झालं!"

अंतिम सामन्यात दोघे जण त्याच्या खांद्यांना लोंबकळत असताना त्याने मला पाण्याबाहेर उचललं. ज्या पंजातून वळवळती मुशी सुटली नाही, त्यातून मी काय सुटणार! शेवटचा गोल त्याचा. चषक संघाकडे राहिला, मी त्याच्याकडे आलो. पुढे तो गावी परतून मासेमारीला लागला, तरी भरतीच्या वेळी मला खाडीत न्यायचा. एकटाच फेकायचा, एकटाच पोहत जाऊन आणायचा.

तीन वर्षांपूर्वी नलूच्या शाळेने त्याचा सत्कार ठरवला. मला टेबलावर मांडायचं होतं. आदल्या दिवशी नलूने मला हुंगलं आणि तोंड फिरवलं. मग साबणाने खसाखसा धुतलं आणि दिवसभर पत्र्यावर उन्हात ठेवलं. माझं चामडं तडकलं, टाके उसवले.

"जुना झाला होता, बा. आपसूक उसवला."

पुंडलिकने मला नाकाशी नेलं. साबणाचा वास काही लपत नाही. "हां," तो म्हणाला, "जुनाच हाय."

त्यानंतर त्याने मला कधी पाण्यात नेलं नाही. रविवारचं तेल मात्र एकदाही चुकलं नाही.

त्या रविवारी तो जेवून आडवा झाला, तो पुन्हा उठला नाही.

मित्रांनो, चामड्याला तेल वेळेवर लागतं. तडकल्यावर ते फटीतून नुसतं वाहून जातं. हे नलूलाही कळत असावं. तरी काल, तेरावं उरकल्यावर, ती बाटली घेऊन त्याच्या जागी बसली. तिने मला मांडीवर घेतलं. तेल तिच्या पांढऱ्या लुगड्यावर ओघळलं. तिने पुसलं नाही.

"बा," ती मोठ्याने म्हणाली. ओट्यावर दुसरं कोणी नव्हतं. "हा जुना नवता झाला. मी धुतला. शाळेतल्या बायांसमोर मला तुज्या वासाची लाज वाटली. तुला ठावं होतं, तरी तू गप ऱ्हायलास."

तिचा हात माझ्या फटीवर थांबला.

"चुकलं माजं, बा."