दुःखाची पडताळणी

निवृत्त झाल्यापासून चार महिने बाबांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्यामुळे आईच्याही लागला नव्हता, कारण बाबा एकटे जागे राहणाऱ्यांतले नव्हते. तीन नंबरवरचा पंखा दोन नंबरपेक्षा मिनिटाला जेमतेम चार फेरे जास्त मारतो, हे त्यांनी मोजून काढलं आणि तिला उठवून सांगितलं. तिनं विचारलं, मग? ते एक नंबर मोजायला उठले.

तेहेतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानादुकानांतले काटे तपासायचे, बरोबर असले तर शिक्का, नसले तर जप्ती. आता तपासायला घरच उरलं होतं. स्वयंपाकघरातले सगळे चमचे तपासून झाले, त्यातले दोन नापास होऊन कपाटात अटकेत पडले. दूधवाल्यानं आमच्या मजल्यावर यायचं सोडलं, तो पिशवी जिन्यात ठेवून पळायचा. शेवटी आईनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, महिन्याभरात हा माणूस झोपला नाही तर मी मावशीकडे जाते. भांडून नाही, झोपायला.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि काय होतंय म्हणून विचारलं. बाबा म्हणाले, काही नाही. हे 'काही नाही' त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की डॉक्टरांनी चिठ्ठीवर औषधाऐवजी पत्ता लिहिला: वाचनालयाचा हॉल, दर बुधवारी संध्याकाळी साडेपाच ते सात. तिथं लोक गोल बसून आपापल्या मनातलं बोलतात, सोबत घरचं कोणी असलं तर उत्तम. हाताच्या सवयीनं त्यांनी खाली 'जेवणानंतर' असंही लिहिलं होतं, म्हणून पहिल्या बुधवारी आम्ही साडेचारला जेवलो.

बैठक एक ताई चालवायच्या. समुपदेशनाचं रीतसर शिक्षण, आवाज मऊ, पायात मोजे. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'इथं कोणी कोणाचं दुःख मोजत नाही.' बाबांनी ती दोनदा वाचली आणि मला हळूच म्हणाले की मग हे लोक व्यवहार कसा करतात.

सगळ्यांत आधी एक टेलरबाई बोलल्या. त्यांच्या समोरच्या बाल्कनीत अकरा वर्षं एक मैत्रीण होती. कपडे वाळत घालताना दोघी बोलायच्या. चार वर्षांपूर्वी ती घर सोडून गेली आणि आता तिथं एक गृहस्थ राहतात, जे कपडे आतच वाळवतात. घरी सांगावं तर सगळे म्हणतात, एवढंच ना?

ताईंनी समजुतीनं मान हलवली. बाबांनी खिशातून डायरी काढली. दिवसातून किती वेळा बोलणं व्हायचं, सरासरी किती मिनिटं, पावसाळ्यात कपडे नसायचे तेव्हा काय, नंतर दुसरी कोणी मिळाली का, असं एकेक विचारून त्यांनी सगळं टिपलं. मी खाली बघत बसलो. ताई दोनदा खाकरल्या. बाबांनी डायरी मिटली आणि म्हणाले,

"बाई, पूर्ण भरतंय. यात कमी काही नाही."

टेलरबाई ढसाढसा रडल्या. मग नाक पुसून त्यांनी विचारलं की हे लिहून मिळेल का.

मिळालं. 'तपासले. बरोबर आढळले. मुदत बारा महिने.' खाली सही.

पुढच्या बुधवारी खुर्च्या कमी पडल्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या एका काकांनी आपली चिठ्ठी घरी फ्रिजवर लावली, तेव्हापासून त्यांची सून 'उगाच काहीतरी' म्हणायची थांबली. कागदच आहे म्हटल्यावर काय बोलणार. ताईंनी बाबांना पाटी दाखवून सौम्य शब्दांत समज दिली. मात्र नऊ माणसांची सव्वीस झाली होती, त्यामुळे समज फारच सौम्य होती. तिसऱ्या बुधवारी सगळे गेल्यावर त्या स्वतःच बाबांसमोर येऊन बसल्या. मला बाहेर जायला सांगितलं. त्यांचंही भरलं एवढंच कळलं.

नापास झाला तो फक्त एक सलूनवाला. हल्लीची गिऱ्हाइकं खुर्चीत बसली की फोनमध्ये डोकं घालतात, कोणी बोलत नाही, असं त्याचं दुःख होतं. बाबांनी शांतपणे ऐकून सांगितलं, वीस टक्के कमी आहे. सलूनवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण काय दुःखात पाणी मिसळून आणलंय का, असं म्हणून तो निघून गेला, दार आपटायला परत आला आणि पुन्हा गेला.

चौथ्या बुधवारी तो सगळ्यांच्या आधी हजर होता. उरलेले वीस टक्के त्यानं एका दमात सांगितले. तीन महिने त्याचा उजवा हात थरथरतोय. बायकोला सांगितलेलं नाही. बाबा म्हणाले, आता बरोबर. ताईंनी तिथल्या तिथं डॉक्टरांची वेळ घेतली, आणि टेलरबाई सोबत जायला तयार झाल्या, कारण थरथरत्या हातांचा त्यांना घरात अनुभव होता.

इतकं सगळं होऊनही बाबा झोपत नव्हतेच. बोलायची पाळी आली की ते नियम सांगायचे: निरीक्षकाला स्वतःचा काटा स्वतः तपासता येत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तेही कायद्यानं. आईनं दिलेला महिना त्याच बुधवारी संपत होता. घरी आईनं बॅग पलंगावर काढून ठेवली होती, आणि ती कपड्यांआधी उशी भरत होती.

सलूनवाला आपली खुर्ची ओढत बाबांसमोर येऊन बसला.

"काका, तुमचा काटा मी तपासतो. बोला."

बाबा म्हणाले, काही नाही, जरा झोप येत नाही इतकंच.

"कमी आहे."

बाबांनी चष्मा पुसला. रिकामपण आहे, म्हणाले. माणसाला सवय असते कामाची.

"अजून कमी आहे. मी घरी जाऊन परत आलो होतो, तुम्ही इथंच बसून भरा."

टेलरबाईंनी हसू दाबलं. बाबांनी नाही दाबलं, कारण त्यांना आलंच नव्हतं. त्यांनी डायरीचं कोरं पान उघडलं. मग बोलले, पण माझ्याकडे न बघता.

"मी बाजारात शिरलो की बोलणी थांबायची. तेहेतीस वर्षं. लोक मला शिव्या द्यायचे, ते ठीक होतं. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात साखर आणायला गेलो. वाण्यानं वजन केलं, माझ्याकडे पाहिलं आणि वरून एक मूठ टाकली. म्हणाला, राहू द्या साहेब, आता घरीच असता ना." त्यांनी डायरीचं पान सरळ केलं. "त्यानं मला जास्त दिलं. मला."

ही गोष्ट मी पाच महिने त्यांच्याबरोबर एका टेबलावर जेवत होतो तेव्हा कुठे होती, हे मला कळेना. खरं तर चहात ती साखर मीही प्यायलो होतो.

सलूनवाल्यानं घाई केली नाही. साखर सुटी होती का, त्या वेळी दुकानात आणखी कोण होतं, नंतर त्या दुकानासमोरून जाणं टाळता का, असे तीन प्रश्न त्यानं विचारले. तिसऱ्याला बाबांनी होय म्हटलं. मग सलूनवाल्यानं डायरी त्यांच्या हातातून घेतली, थरथरत्या हातानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं.

"बरोबर. कमी नाही. जास्तही नाही."

बाबांनी चिठ्ठी घेतली, सहीची जागा तपासली आणि मागे टेकले. टेलरबाई चहा घेऊन आल्या तेव्हा ते घोरत होते.

उठवायला कोणी तयार नव्हतं. ताई म्हणाल्या, उठवणं व्यावसायिकदृष्ट्या चूक ठरेल. उरलेली बैठक कुजबुजत झाली. एका बाईंनी नवऱ्याबद्दलची तक्रार इतक्या हळू आवाजात सांगितली की त्यांना स्वतःलाच ती क्षुल्लक वाटली. सात वाजले. सातनंतर हॉल ब्रास बँडच्या तालमीसाठी असतो. अकरा माणसं पितळी वाद्यं आणि एक ढोल घेऊन दारात उभी राहिली.

बँडमास्तरांनी विचारलं, हे कोण? सलूनवाला म्हणाला, पाच महिन्यांनी झोपलेत. मास्तरांनी घड्याळ पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आपल्या माणसांना सांगितलं की आज फक्त बोटांची तालीम. सगळे बसले, वाद्यं तोंडाला लावली आणि न फुंकता वाजवायला लागले. ढोलवाला हवेत काठ्या मारत होता आणि प्रत्येक ठोक्याला दात आवळत होता.

उशीर का झाला हे बघायला आई आली. दारात थांबून तिनं तो मुका बँड पाहिला, मधे घोरणारा नवरा पाहिला. मला वाटलं, ती काहीतरी विचारेल. ती पाय न वाजवता आत आली, बाबांच्या शेजारच्या खुर्चीत बसली आणि दुसऱ्या मिनिटाला तिची मान त्यांच्या खांद्यावर कलली.

मास्तरांनी माझ्याकडे बघून भुवई उंचावली. मी दोन बोटं दाखवली, आता दोघं झोपलेत. त्यांनी मान डोलावली आणि पान उलटून पुढचं गाणं घेतलं.