समोरच्या गाडीतला हात

९.११ ची गाडी, आली ९.१३ ला

आठ महिने त्याने नाना सबबी काढल्या. कधी त्या बाजूला रुळांचं काम चालू होतं, कधी धाकट्याला शिंक आली होती, कधी नुसतंच आभाळ भरून आलं होतं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, रोज जगाला तळ्यापर्यंत नेऊन सोडता, घरच्यांनीच काय घोडं मारलंय?" तेव्हा डबा, पाण्याची बाटली, दोन स्वेटर आणि दोन पोरं घेऊन गडी रविवारी सकाळी आपल्याच ट्रामच्या थांब्यावर प्रवासी म्हणून उभा राहिला.

गाडी दोन मिनिटं उशिरा आली. त्याला उगीच अपराध्यासारखं वाटलं.

९.१७

भीती कसली होती, ते आत्ताच सांगून टाकलेलं बरं.

रोज जेवताना तो पोरांना कामावरच्या गोष्टी सांगायचा. मिशाकाका, खोकलेकाका आणि घाईमावशी, तिघंही त्याच्यासारखेच ट्राम चालवणारे. मिशाकाकांकडे म्हशीएवढाले दोन कुत्रे. खोकलेकाका खोकले की अख्ख्या डेपोला पडसं. घाईमावशी तर अशा घाईच्या, की एकदा डबा घेऊन घरी गेल्या आणि गाडी थांब्यावरच विसरल्या. आणि तिघांचाही बाबावर भारी जीव. धाकटा हसून हसून घास सांडायचा. सात वर्षांची थोरली मात्र हसायची नाही, घास तसाच गालात धरून ऐकायची. या परक्या गावात तिला शाळेत अजून एकही मैत्रीण नव्हती. बाबाला झाले तसे मलाही होतील, असं ती एकदा म्हणाली होती, आणि त्या दिवसापासून त्याच्या गोष्टींना ऊत आला होता.

खरं होतं ते तिळाएवढं. समोरून दुसरी ट्राम आली की चालवणाऱ्याने हात वर करायचा, ही इथली रीत. दोन काचांच्या पलीकडे एक हात, दीड सेकंद, संपलं. डेपोत प्रत्येकाची वेळ वेगळी. पडद्यावर गाडीचा नंबर बघायचा, पेटीतून किल्ली घ्यायची, केबिनचं दार ओढून घ्यायचं. आठ महिन्यांत त्या तिघांपैकी एकाचाही आवाज त्याने ऐकलेला नव्हता. हात कसा वर होतो एवढ्यावरून त्याने माणसं केली होती, आणि माणसांना कुत्रे दिले होते.

९.२६

थोरली सगळ्यात पुढे, केबिनच्या मागच्या काचेला नाक लावून उभी. आत केसांचा घट्ट अंबाडा घातलेली बाई गाडी चालवत होती. थोरलीने तिला पाठमोरीच ओळखलं. घाईमावशी ना? तो हो म्हणाला. नाही म्हणायची तीच वेळ होती, ती गेली.

मग समोरून गाडी आली. काचेमागे मिशा. हात वर गेला. आतल्या बाईचा हात वर गेला. थोरलीने दोन्ही हात वर केले.

"बाबा, मिशाकाकांनी तुझ्याकडे बघितलंच नाही."

त्याने सांगितलं की आज अंगावर कामाचा कोट नाही ना, म्हणून. बायकोने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

९.३१

(या थांब्यावर कुणी बटण दाबलं नाही. गाडी थांबली नाही.)

९.४८, शेवटचा थांबा

या ट्रामला दोन्हीकडे तोंड. शेवटच्या थांब्यावर चालवणाऱ्याने आपली पिशवी उचलायची आणि सबंध गाडी आतून चालत जाऊन दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये बसायचं. हे थोरलीला त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. त्यामुळे सगळे उतरले तरी ती वाटेत ठाण मांडून उभी. बाई आली तशी तिने इथल्या भाषेत, त्याला सात जन्मांत जमणार नाही इतक्या सफाईने विचारलं, की हे माझे बाबा, हेही ट्राम चालवतात, तुम्ही ओळखता ना यांना?

बाईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पिशवीत तळाशी गेलेली किल्ली शोधावी तसं पाहिलं. बाई भली होती, शोधत तरी होती.

तो अडखळत म्हणाला की मंगळवारी, पुलापाशी, दहा वाजून सात मिनिटांनी, तुम्ही खाली येता तेव्हा मी वर जात असतो. आणि हात करून दाखवला.

"पुलापाशी?" ती म्हणाली. "तिथे माझ्या डोळ्यांवर ऊन असतं. आत कोण आहे ते मला कधीच दिसत नाही. गाडी दिसली की मी हात करते."

मग तिने घड्याळ पाहिलं, सहा मिनिटं आहेत आणि स्वच्छतागृह रस्त्यापलीकडे, असं सांगून माफी मागितली आणि अक्षरशः पळाली.

"चला," बायको हळूच म्हणाली, "घाईची तेवढी खरी निघाली."

तळं

तळं होतं. बदकं होती. थोरलीने डबा निमूट खाल्ला. ती रडली असती तर बरं झालं असतं.

१२.०४

परतताना ती मागच्या बाकावर बसली, चालवणाऱ्याकडे पाठ करून. अर्धा रस्ता गेला तेव्हा बोलली.

"मग तू दिवसभर कुणाशी बोलतोस?"

"घरी आलो की तुमच्याशी."

"तेव्हा तर तू त्यांचंच सांगतोस."

त्याने बायकोकडे पाहिलं. ती धाकट्याच्या बुटाची नाडी बांधत होती, आणि ती गाठ काही आज सुटायची वा बसायची नव्हती. आपलं आपणच निस्तरायचं होतं.

तेव्हा त्याने पहिल्यांदाच खरं सांगितलं. पायाखाली एक पेडल असतं. दर अर्ध्या मिनिटाने ते दाबायचं. नाही दाबलं तर शिट्टी वाजते, तरी नाही दाबलं तर गाडी आपोआप थांबते. तिला वाटतं, चालवणारा गेला. दिवसभर त्याला काही विचारणारं असेल तर ते पेडल. आहेस का? आहे. आहेस का? आहे.

"हात्तिच्या," बायको म्हणाली. "म्हणजे झोपेत माझ्या पोटरीला लाथा बसतात त्या ह्या होय." ती हसली, आणि हसता हसता खिडकीकडे वळली.

थोरली हसली नाही.

"मी मधल्या सुट्टीत नळावर जाते," ती म्हणाली. "पाणी पीत राहते. मग कुणाला वाटत नाही की मी एकटी आहे. वाटतं, तहान लागलीय."

होतील गं मैत्रिणी, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"खूप गार असतं का पाणी?" त्याने विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "दात शिवशिवतात."