ओढ्यात वाहून जाणारी ऊब

मी दह्याच्या कारखान्याची चिमणी बोलतेय. लाल विटांची, उंच, जराशी कललेली. एवढ्या उंचीवर उभं राहून दुसऱ्याच्या अंगणात डोकावायचं नाही, हे कसं जमणार? बल्गेरियातल्या आमच्या या गावात कुणाचा खारवलेला कोबी नासला, कुणाची सून रुसून माहेरी गेली, सगळं आधी मला कळतं.

मला गावच्या सहकारी संस्थेनं बांधलं. पुढे कारखाना रादाच्या वडिलांनी घेतला, आता रादा चालवते. दोब्रीकाका भट्टीत कोळसा घालायचा, मी धूर सोडायची. कढत दूध विरजणाआधी कोमट करायला ओढ्याचं गार पाणी नळ्यांतून फिरवायचे आणि ऊन झालं की परत ओढ्यात सोडायचे. भर थंडीत बायका तिथे सतरंज्या धुवायच्या. "आमचा ओढा गोठत नाही!" म्हणून शेजारच्या गावांत मिरवायच्या.

एकच सल होता. मार्चमध्ये सारं गाव मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधून करकोच्याची वाट बघतं. तो दिसला की दोरा सोडून झाडाला बांधायचा. करकोचा शाळेवर बसे, विजेच्या खांबावर बसे. मला मात्र लांबून वळसा घालून जाई.

मग एका हिवाळ्यात आमचं दही विकणाऱ्या शहरातल्या कंपनीनं कळवलं, धूर निम्मा करा, नाहीतर पुढच्या वर्षी माल घेणार नाही. रादा ओढ्याकाठी येऊन बसली.

"तोंड का उतरलंय गं?" सतरंजी आपटत गिनामावशीनं विचारलं.

"कारखाना बंद पडणार, मावशी. त्यांना दही आवडतं, धूर नाही."

"मग माझ्या म्हशींचं दूध कुणी घ्यायचं? का मीच आंघोळ करू त्यानं? बस, पाय सोड पाण्यात. ऊब घे, फुकट आहे."

रादानं पाय सोडले आणि ताडकन उठली. "फुकट? अगं, हा माझा कोळसा आहे! इतकी वर्षं आपण तो ओढ्यात सोडतोय!"

तिनं नव्या नळ्या बसवल्या. कढत दुधाची ऊब शेजारच्या नळीतल्या गार दुधाला मिळू लागली.

"दुधानं दूध तापतं होय? शिकलीस ती वाया गेलीस," दोब्रीकाका म्हणाला.

पण तापलं! कोळशाचे ट्रक निम्म्यावर आले. वाचलेल्या पैशांतून छपरावर सोलर बसलं, दूध तापवायला विजेची यंत्रं आली आणि भट्टी विझली. कंपनी तर टिकलीच, वर चीजही मागू लागली. दोब्रीकाका आता यंत्रांचे काटे बघतो. त्याचा खोकला कमी झालाय, पण कबूल करेल तर शपथ!

ओढा मात्र गोठला. बायका भांडायला आल्या. रादानं त्यांना आडोशाला ऊन पाण्याची मोरी बांधून दिली. तरी गिनामावशी म्हणतेच, "ओढ्याची मजा नाही."

राहिले मी. बिनकामाची. मला पाडायला माणसं आली ती मार्चमध्ये. त्यांनी शिडी लावली आणि तेवढ्यात माझ्या थंड तोंडावर करकोचा उतरला.

"ए, उतरा खाली!" गिनामावशी ओरडली. "पाहुणा आलाय, दिसत नाही का?"

रादानं शिडी काढायला लावली. माझ्या पायथ्याच्या आलुबुखाराच्या झाडावर गावाचे दोरे लटकले.

आता घरटं झालंय, वर चोचींचा खडखडाट चालतो. मी सुखात आहे. एवढंच मागणं, भट्टी पुन्हा पेटवू नका. आणि हो, साऱ्या गावाच्या अंगणात डोकावणाऱ्या मला स्वतःच्या डोक्यावरचं काही दिसत नाही. कुणीतरी गावामागच्या टेकडीवर चढून बघा ना, पिल्लं किती आहेत?