फक्कीचं घर

“गुणाजी, न्हाणीघराचं दार जरा इकडं घे की. आमच्या ठकीचं गुडघं गेल्यात. तिला लांब चालाय लावू नगंस.”

गुणाजीने फक्कीचा डबा खाली ठेवला. “नकाशात हाय तसाच मारनार. माझ्या मनानं दार हलवायला ही काय तुझ्या गोठ्याची भिंत हाय?”

नेहमीचं उत्तर. बायकोसाठीचा धोंडीरामचा हट्टही नेहमीचा. वर्षभर दर शुक्रवारी हे दोघे हेच बोलत, आणि भोवतालचे दर शुक्रवारी तितकेच हसत. आजही हसले. गुणाजी मात्र हसला नाही. तो पुन्हा वाकला आणि दोरीच्या कडेने पांढरी रेघ ओढू लागला.

जेद्दाच्या अल अझीझियामध्ये तेव्हा बांधकामाला नुसता ऊत आला होता. आज रिकामी दिसणारी जागा आठ महिन्यांनी ओळखू येत नसे. गुणाजी तिथे एका कंत्राटदाराकडे लाइन-आउट मिस्त्री होता. म्हणजे इमारतीचा नकाशा कागदावरून जमिनीवर आणायचा. खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, काटकोन धरायचा आणि दोरीखाली चुन्याची फक्की सोडायची. त्याच्या रेघेवर खोदाई होई, खोदाईवर पाया आणि पायावर भिंत. देवरुखजवळच्या खेड्यातून आलेल्या, चौथी शिकलेल्या या माणसाच्या रेघा इंजिनिअर पुन्हा मोजत नसत, आणि या गोष्टीचा त्याला चांगलाच माज होता. असायलाही हवा होता.

फक्की पडली की जमिनीचं गिऱ्हाईक येई. लांबलचक अमेरिकन गाडीतून पांढरेशुभ्र कपडे सावरत उतरे, रेघांमध्ये उभं राही, मान हलवी, आणि व्यवहार ठरे. पाया भरण्याआधी एकच बंगला तीनतीन हातांतून फिरलेला गुणाजीने पाहिला होता. आणि कुणाचंही वाईट झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. जिथे फक्की पडली तिथे घर उभं राहिलंच. सहा वर्षं रोज हेच बघितल्यावर माणसाला दुसरं काही सुचणार तरी कसं?

मागच्या साली उमाकांत नावाचा सफारी सूट घातलेला माणूस कामगारांच्या कॅम्पावर घरं विकायला आला. पनवेलच्या पुढे ‘नंदादीप नगर’ उभं राहणार होतं. रंगीत चित्रात मधोमध कारंजं होतं. सगळे नकाशा घेऊन गुणाजीकडे आले, कारण नकाशा वाचणारा तोच. गुणाजीने एक अख्खी दुपार त्यावर डोळे रोवले. जिन्याची पायरी सात इंच, बरोबर. न्हाणीला उतार, बरोबर. भिंत नऊ इंची. उमाकांतला त्याने सिमेंट-वाळूचं प्रमाणसुद्धा विचारलं आणि तो जरा चाचरला तेव्हा त्याला दोन बोल सुनावले. मग सगळ्यांसमोर सांगितलं, “नकाशा चोख हाय. चोरानं काढलेला नकाशा असा नसतो.”

अकरा जणांनी घरं घेतली. गुणाजीने स्वतःही घेतलं. धोंडीराम सळईवाला त्याचा भिंतशेजारी. बदरुद्दीन क्रेनवाला दाभोळचा, त्याचं घर वरच्या मजल्यावर. जमीन कुठे आहे, कुणाच्या नावावर आहे, हे गुणाजीने विचारलंच नाही. जमिनीबद्दल विचारायचं असतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही.

सगळ्यांच्या घरांचा आराखडा एकच, म्हणून कॅम्पामागच्या मोकळ्या जागेत गुणाजीने एकदा पुऱ्या मापाचं घर फक्कीने आखलं. दोन खोल्या, सैपाकघर, पुढे सज्जा. आणि मग दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी ते घर नव्याने आखायची रीतच पडली, कारण आठवड्यात वारा ते पुसून टाकी. दाराची जागा मोकळी सोडलेली असे. आत जायचं ते तिथूनच, चपला बाहेर काढून. भिंतीवरून कुणी पाय टाकला की बाकीचे त्याच्यावर धावून जात. बाप्ये माणसं, पण खेळायला मिळालं की पोरांहून वाईट. कुणी देव्हारा कुठे ते ठरवी, कुणी पाटा-वरवंटा. बदरुद्दीन मधल्या खोलीत उभा राहून बजावी, “मी तुमच्या डोक्यावर हाय, लक्षात ठेवा. रात्री भांडी आपटलीत तर वरून पानी ओतीन.”

रेघा पुऱ्या झाल्या. धोंडीरामने दाराशी चपला काढल्या आणि प्लास्टिकची मोठी पिशवी घेऊन आत आला. पिशवीतून पडदे निघाले. हिरवे, पिवळ्या फुलांचे. जुन्या शहरातल्या बलदच्या बाजारातून कापड आणून, याच फक्कीच्या खिडक्यांवरून मापं घेऊन शिवलेले.

“आता खिडकी बदलली तर बघ,” पडदा छातीशी धरून तो म्हणाला. “ठकीला कळीवलंय म्या. पडदं घिऊन येतो म्हनून.”

गुणाजीच्या खिशात कॅसेट होती. ती त्याच्याकडे रविवारी आली होती, गावाहून रजा संपवून परतलेल्या एकाबरोबर. त्याच्या बायकोला, सरूबाईला, लिहिता येत नसे. ती टेपमध्ये बोलून पाठवी. गुणाजीने रविवारी दुपारी गोदामात बसून कॅसेटची एक बाजू ऐकली होती. दुसरी बाजू लावायचं त्याला धैर्य झालं नाही.

ऐकलेलं त्याला सांगायचं होतं, आणि सगळ्यांच्या आधी धोंडीरामला सांगायचं होतं. धोंडीराम नोकरी सोडून कायमचा निघाला होता. दिवाळीला घराचा ताबा, त्याआधी जाऊन सामान लावायचं. अर्ज त्याने दिला होता. पण पासपोर्टवर खुरूज पडला नव्हता. कायमचं परत जायचा तो शिक्का एकदा पडला, की इकामा, म्हणजे राहायचा परवाना, काढून घेत आणि हा देश संपला. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामांसाठी पळणारा माणूस, शनिवारी जाणार होता. शनिवारच्या आत सांगायचं, एवढं गुणाजीने मनाशी धरलं होतं. सोमवारी तो धोंडीरामच्या खाटेपर्यंत गेला. धोंडीराम म्हणाला, “बरा आलास, मोठी खिडकी किती फुटाची रं?” गुणाजी म्हणाला, “चार,” आणि परत आला. मंगळवारी तो गेलाच नाही. भित्रा माणूस दिवस मोजत राहतो, तसे त्याने मोजले. अजून चार आहेत, अजून तीन आहेत.

आज शुक्रवार. आज बोलायलाच हवं होतं.

“धोंडीराम,” तो म्हणाला, “तुझं कागद उद्या जानार ना?”

“उद्या कशाला?” धोंडीरामने पडदा खांद्यावर टाकला आणि खिशातून पासपोर्ट काढला. “बुधवारीच झालं की! मंदूब दुसऱ्या दोघांचं घिऊन चालला हुता, त्यात माझा बी टाकला. इकामा घेतला, ह्यो दिला. सा वर्सं झाली, स्वताचा पासपोर्ट हातात धरला न्हवता बघ. परवाचं इमान हाय. म्हटलं, आज घरात उभं ऱ्हाऊनच तुमास्नी सांगावं.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बदरुद्दीन जुम्म्याच्या नमाजासाठी न्हाऊन, अत्तर लावून आला होता. त्याने धोंडीरामला मिठीच मारली. गुणाजी शिक्क्याकडे बघत राहिला. अरबी त्याला वाचता येत नव्हतं, पण तो शिक्का ओळखायला वाचता यावं लागत नाही.

आता गप्प राहूनही चालण्यासारखं होतं. परवा विमान उडालं असतं. जे कळायचं ते धोंडीरामला तिकडे, गुणाजीच्या पाठीमागे कळलं असतं. हा विचार त्याच्या मनात आला, पुरता आला, आणि त्याला स्वतःची किळस वाटली.

“बदर,” तो म्हणाला, “तुझा टेप आन.”

बदरुद्दीनचा दोन स्पीकरचा जपानी टेप आला. गुणाजीने तो मधल्या खोलीत, रेतीवर ठेवला. सगळे गाणी लागणार म्हणून कोंडाळं करून उभे राहिले.

“अवो, ऐकताय ना? मी सरू बोलतेय,” टेपमधून आवाज आला. एक-दोघे गालात हसले. “तुमची आय दुसऱ्या बाजूला बोललेय. आता ती फारशी बोलत नाय, उठवत पन नाय तिला. तर ता निवांत ऐका. आनि मी सांगतेय ता बसून ऐका. पनवेलला दादाकडं आलेले, म्हटला आपला घर बघून येव. दादा बरोबर व्हता. पाटी हाय. मोठी पाटी, तुमच्या कागदावर हाय तशीच, कारंजासकट. पन पाटीच्या मागं काय नाय वो. खाडी हाय. भरती व्हती, पानी पाटीच्या खांबाला लागलेला.”

धोंडीरामने खांद्यावरचा पडदा खाली घेतला.

“एक बाय चिंबोऱ्या धरीत व्हती. ती म्हनली, ह्या महिन्यात तू पाचवी. सगळी कागद घेऊन येतात आनि पान्याकडं बघत ऱ्हातात. दादा हापिसात गेला, तर हापिसाला कुलूप. दोन महिने झाले म्हनं. दादा म्हनला चल, पन मी निघाले नाय. ओहोटीपातूर थांबले. म्हटला पानी गेला की काय तरी दिसंल. एखादी खुंटी तरी. पानी गेला. नुसता चिखल.” मग फक्त टेपची खरखर. “अवो, कुनाला बोलू नका इतक्यात. सगळ्यांनी तुमच्या शब्दावर घेतलान. जीव घेतील तुमचा.”

गुणाजीने टेप बंद केला. हे शेवटचं वाक्य गाळता आलं असतं. त्याने गाळलं नाही.

पहिल्यांदा बदरुद्दीन बोलला. “ही कधी आली?”

“रविवारी.”

“रविवारी.” बदरुद्दीनने बोटं मोजली नाहीत, पण ओठ हलले. “आनि ह्याचा शिक्का बुधवारी पडला. तीन दिवस, गुणाजी. तो उमाकांत चोर व्हता, त्याचा धंदाच तो. तू कोन रे?”

बदरुद्दीन उत्तरासाठी थांबला नाही, धोंडीरामकडे वळला.

“चल धोंडी, मंदूबाकडं जाव. पाय धरू त्याचे. शिक्का काय, मानसानंच मारलाय ना?”

“माझ्या खाटंवर काल नवा मानूस आला,” धोंडीराम म्हणाला. “रात्री म्या खालीच झोपलो.”

बदरुद्दीनने टेप उचलला, कॅसेट काढून रेतीवर टाकली आणि सरळ चालू लागला. दारातून नाही, भिंतीवरून. वर्षभरात पहिल्यांदा कुणी भिंतीवरून गेलं. त्याच्या चालण्याने हातभर रेघ पुसली गेली. बाकीचे एकेक करून निघाले. कुणी शिवी दिली, एकजण रडत होता, एकाने जाता जाता गुणाजीच्या पायाशी थुंकलं. बहुतेक जण मात्र सवयीने दारातूनच गेले, बाहेर चपला शोधून घालून.

उन्हं चढली होती. मशिदीच्या भोंग्यावरून बांग झाली. आत दोघेच उरले.

“धोंडीराम, मार मला,” गुणाजी म्हणाला. “निदान शिव्या तरी घाल.”

“मारून जिमीन वर येती व्हय?” धोंडीराम खाली बसला आणि पडद्यांच्या घड्या घालू लागला. नीट, कडांना कडा जुळवून. चौथ्या पडद्याची घडी काही केल्या जुळेना. गुणाजीने दुसरं टोक धरायला हात पुढे केला, आणि धोंडीरामने पडदा ओढून घेतला.

“ठकी एसटी स्टँडावर येनार हाय,” तो म्हणाला. “भाच्याला घिऊन, कराडला. गावात समद्यास्नी सांगून बसलीया. माझ्या तोंडातनं न्हाई निघायचं हे, गुणाजी. बारा सळया एकदम उचललेला मानूस हाय म्या, पन हे न्हाई निघायचं.” मग रेतीत पडलेल्या कॅसेटकडे बोट केलं. “ती दे मला. तुझी बायकू चांगली सांगती. बाईचं बाईला कळंल.”

गुणाजीने कॅसेट उचलली. तिच्यावरची रेती फुंकली, सदऱ्याला पुसली.

“दुसऱ्या अंगाला तुझी आई हाय न्हवं?” धोंडीरामने विचारलं. “ऐकलंस?”

“नाय.”

गुणाजीची आई अंथरुणाला खिळल्याचं धोंडीरामला ठाऊक होतं. कॅम्पात कुणाचं काय दुखतंय हे सगळ्यांना ठाऊक असे. त्याने मान दुसरीकडे वळवूनच म्हटलं, “मग ऐक आधी. परवापातूर हाय म्या हितं. ऐकून दे.”

गुणाजीला आईचा आवाज हवा होता. पाच दिवस तो ती बाजू जपून ठेवून होता. हे सगळं एकदा उरकलं, की मग शांतपणे ऐकायची होती. त्याने कॅसेट हातात उलटीसुलटी केली.

“नको,” तो म्हणाला. “तू ने.”

धोंडीरामने ती घेतली, चौथ्या पडद्याच्या घडीत घातली आणि पिशवीचं तोंड बांधलं. उठला, गुडघे झाडले. पिशवी उचलून तो सैपाकघरातून मधल्या खोलीत आला, तिथून पुढच्या खोलीत, आणि दारातून बाहेर पडून त्याने चपला घातल्या. मागे वळून पाहिलं नाही.

शनिवारी सकाळी गुणाजी कामावर गेला. नव्या बंगल्याची खुंटी ठोकली, दोरी ताणली. माप घेतलं, पुन्हा घेतलं, आणि तिसऱ्यांदा घेतलं तेव्हा इंजिनिअरने गाडीतून ओरडून विचारलं, “क्या हुआ मिस्त्री? यल्ला, जल्दी!” गुणाजीने डबा हातात घेतला. मग गुडघ्यांवर बसला आणि फक्की सोडण्याआधी हाताच्या पंजाने खालची माती चाचपून बघू लागला. माती कोरडी होती. तरी तो चाचपत राहिला.