माझ्या पोटातल्या एकेचाळीस विहिरी

मित्रांनो, आखाडा बाळापूरच्या बाजारात शीतलताईचं टायपिंगचं दुकान आहे. तिथल्या टेबलाच्या खणात, जुन्या पायमोज्यात घालून ठेवलेली तळहाताएवढी काळी डबी म्हणजे मी. मी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क. सात वर्षांची झाले आणि आमच्यात हे वय म्हातारपणाचंच.

माझं काम एकच. महिन्यातून एकदा ताई मला संगणकाला जोडते आणि त्यातलं सगळंच्या सगळं माझ्यात उतरवते. नुसत्या फायली नव्हेत. प्रोग्रॅम, मराठी फॉन्ट, अगदी पडद्यावरचं पिंपळाचं चित्रसुद्धा. याला पूर्ण बॅकअप म्हणतात. काम झालं की पुन्हा मोजा आणि खण. संगणकाला रोज पुसतात, झाकतात. माझी आठवण मात्र काही बिघडल्याशिवाय कुणाला येत नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

त्या संगणकात एक मोलाचं पुस्तक तयार होत होतं. ताईचे आजोबा सोनाजीआबा यांनी जन्मभर गावोगावी विहिरी खोदल्या. कुठे किती हातांवर मुरूम लागला, कुठे काळा दगड आडवा आला, सगळं त्यांना तोंडपाठ. लिहिता मात्र येत नव्हतं. दर रविवारी ते सांगायचे आणि ताई टाइप करायची. दोन वर्षांत चाळीस विहिरी झाल्या. एकेचाळिसावी, म्हणजे आबांच्या स्वतःच्या वस्तीची, जानेवारीत झाली. नंतर आबांना लकवा मारून गेला. जीभ जड पडली, एकेका वाक्याला धाप लागू लागली. पुस्तक बुद्धपौर्णिमेला विहारात वाचायचं ठरलं होतं.

आता माझी भानगड सांगते. आबांची लेक कमलआत्या कनेरगाव नाक्याला राहते. डिसेंबरचा बॅकअप झाल्यावर, आपल्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग ठेवायला तिने मला उसनं नेलं. शूटिंग घरच्या संगणकात उतरलं, माझं काम संपलं. पण इकडे कुणाचं भांडं परत करताना रिकामं देत नाहीत, त्यात मूठभर काहीतरी घालतात. आत्याने मलाही तोच रिवाज लावला. जानेवारीत परत आले तेव्हा माझ्यात हळदीपासून पाठवणीपर्यंत अख्खं लग्न होतं.

"काहून एवढं भरून आणलंस, आत्या?" ताईने विचारलं.

"रिकामं कसं देऊ, बाई? तुमी बी बघा की लग्न."

आत्याचं मन मोडायला नको म्हणून ताईने ते पुसलं नाही. नव्या बॅकअपला जागा उरली नाही. "करू पुढच्या महिन्यात," म्हणत तिने मला मोज्यात घातलं. तो पुढचा महिना काही आला नाही.

एप्रिलच्या एका सकाळी संगणकाच्या आतली डिस्क टकटक वाजली आणि कायमची गप्प झाली. ताईचा चेहरा उतरला. तिने नवी डिस्क आणली, वेगळ्या बनावटीची आणि दिसायला अगदी नाजूक. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केला, मला जोडलं. पडद्यावर नकार आला: नवी डिस्क लहान आहे. जुनी डिस्क अर्ध्याहून जास्त रिकामीच होती, पण बॅकअप तिच्याएवढीच ऐसपैस जागा मागत होता. ताई बसने हिंगोलीला गेली आणि मोठी डिस्क बदलून आणली.

या वेळी नकार आला नाही. तीन तास मी नव्या डिस्कला एकेक गोष्ट देत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे टक लावून बघत होतं, आणि मला फार बरं वाटत होतं. शेवटी पडद्यावर तोच पिंपळ उभा राहिला. ताईने पुस्तक उघडलं. चाळीस विहिरी होत्या. एकेचाळिसावी नव्हती.

आबा दुकानातच खुर्चीत बसले होते. ताई त्यांच्यापाशी जाऊन रडायला लागली. "आबा, आपल्या वस्तीची विहीर गेली. माझ्यामुळं गेली."

आबांनी बराच वेळ शब्द जुळवले. "रडून काहून... राहिलीस, पोरी? मी... हाये न्हाई का अजून?"

मग रोज सकाळी ते दोन वाक्यं सांगायचे. आधीचं प्रकरण सात पानांचं होतं, हे अर्ध्या पानाचं झालं. शेवटची ही वाक्यं सांगायला त्यांना तीन सकाळी लागल्या, "चाळीस विहिरी मी खंदल्या. त्यायचं पाणी लोकायनं वरून ओंजळीत वतलं, तवा प्यालो. ह्या विहिरीत पोहरा मी सोडला. पाणी मचूळ व्हतं. पोटभर प्यालो."

ताईने ते टाइप केलं आणि लगेच आत्याला फोन लावला. लग्न तिच्या घरी जपून आहे, एवढं विचारून तिने ते माझ्यातून पुसलं आणि पूर्ण बॅकअप घेतला. आबांनी माझ्यावर हात ठेवला. "समद्या... हायेत हिच्यात?"

"समद्या, आबा."

मित्रांनो, मी बोलू शकत नाही, म्हणून इथेच सांगून ठेवते. बॅकअप पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आणि मला उसनं नेलंत, तर खुशाल रिकामी परत करा. मला मुळीच राग येणार नाही. त्या रिकाम्या जागेत कुणाची तरी विहीर मावायची असते.