बर्निसच्या टाचेत विरघळताना

फॉर्म तुम्ही छापलात. लाल ओळ तुम्हीच उमटवलीत. एका बाईचा पाय कापायची तारीखही तुमच्याच कचेरीने काढून दिली. एवढं सगळं वेळच्या वेळी केलंत, फक्त तिला एक साधा प्रश्न विचारायला तुम्हाला सवड झाली नाही. मी कुणाचं नाव घेत नाही. ज्यांच्या टेबलावर तो फॉर्म तयार झाला, त्यांना बरोबर कळेल.

मित्रांनो, मी एक जुनी चकती आहे. जुनी म्हणजे फार तर चार महिन्यांची, पण आमच्यात एवढं वय म्हणजे म्हातारपणच. तळहाताएवढी, पांढरी, पावासारखी भोकाभोकांची. माझा जन्म खेकड्याच्या कवचातून झाला. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर एक कारखाना आहे. खेकड्याचं मांस डब्यात जातं आणि कवचं कचरा म्हणून परत समुद्रात जातात. त्यातलीच काही पिंपं एका प्रयोगशाळेने मागून नेली. तिथे कवचं आम्लात धुतली, चुना गेला. क्षारात उकळली, मांसाचा अंश गेला. उरलेलं विरघळवून, गोठवून, सुकवून माझी चकती केली आणि जंतू मारणारं औषध माझ्या भोकाभोकांत मुरवलं.

काम सांगितलं ते असं : जखमेत जाऊन बसायचं. वेलाला मांडव द्यावा तसा नव्या मांसाला आधार द्यायचा. औषध जागच्या जागी, थोडं थोडं सोडायचं. आणि काम झालं की विरघळून जायचं.

मला मागवलं होतं बर्निस कीपिंगसाठी. वय बासष्ट. त्याच कारखान्यात चोवीस वर्षं काढलेली बाई. साखरेच्या आजाराने टाचेला जखम झाली होती. गोळ्यांनी तिचं पोट बिघडलं, जखम मात्र तशीच. पायाकडे रक्तच धड पोचत नव्हतं, तर औषध कुठून पोचणार? म्हणून गावच्या दवाखान्यातल्या डॉक्टर इदोवूंनी माझं नाव लिहिलं. मी आले. नर्स ग्लेंडाने पाकीट हातात घेतलं, संगणकात नाव घातलं आणि पडद्यावर लाल ओळ उमटली. खेकड्याची ॲलर्जी. वापरू नये.

"तुला हे चालणार नाही, बर्निस," ग्लेंडा म्हणाली.

"बरं पोरी," बर्निस म्हणाली.

संपलं! का चालणार नाही ते हिने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. त्या किनाऱ्यावरची माणसं वादळात होडी घालतील, पण दवाखान्यात दुसरा प्रश्न विचारणार नाहीत. त्यांना तो उद्धटपणा वाटतो.

सात आठवडे मी कपाटात पडून होते. जखम खोल होत गेली. ती ओळ तपासून खोडावी म्हणून डॉक्टरांनी अर्ज केला. उत्तर आलं, ॲलर्जीचे तज्ज्ञ लांब सेंट जॉन्स शहरात भेटतील, पाच महिन्यांनी. पाय कापायची तारीख मात्र अकरा दिवसांनंतरची मिळाली.

त्यातले चार दिवस उरले असताना कारखान्यातली तिची मैत्रीण एफी तिला दवाखान्यात भेटायला आली. रिकाम्या हाताने कशी येणार? वाडगाभर उकडलेला खेकडा घेऊन आली. ग्लेंडा खोलीत शिरली तेव्हा बर्निसच्या तोंडात तंगडी होती.

"थुंक! आधी थुंक ते!" ग्लेंडा ओरडली आणि इंजेक्शन आणायला वळली.

"का गं, खारट झालंय?" एफीने विचारलं.

"तिला खेकड्याची ॲलर्जी आहे! घसा बंद होईल तिचा!"

एफी खो खो हसत सुटली. "हिचा घसा? चोवीस वर्षांत कधी बंद झालेला पाहिला नाही मी. झोपेतसुद्धा घोरते."

बर्निस हसली नाही. तिने तंगडी वाडग्यात ठेवली. "एफे, गप्प बस. तो कागद, बये. वाफेच्या वेळचा."

मग सगळं बाहेर आलं. कारखान्यात उकळत्या पिंपांची वाफ दिवसभर तोंडावर यायची. "वाफ सोसत नाही, दुसरं काम द्या," म्हटलं की मुकादम म्हणायचा, दवाखान्याचा कागद आण. त्या फॉर्मवर वाफेला जागाच नव्हती. ॲलर्जीला होती. एकीने तिथे खेकडा लिहिला, तिला डबे भरायला बसवलं. मग बर्निस धरून एकूण बारा जणींनी तेच लिहिलं. घरी गेल्यावर त्याच खेकडा खायच्या.

"म्हणजे मला लावणार होते ते खेकड्याचं होतं?" बर्निसने विचारलं.

"कवचाचं," ग्लेंडा हळूच म्हणाली. "मला वाटलं तुला ठाऊक आहे."

डॉक्टर आले. "तेव्हा अंगावर गांधी? ओठ सुजायचे? धाप?"

"खोकला यायचा. उकळत्या किटलीवर तोंड धरा, तुम्हालाही येईल." मग तिचा आवाज खाली आला. "पण डॉक्टर, हे कागदावर नको. बाकीच्या पोरींना पुन्हा वाफेवर उभं करतील."

"आणि पाय गेला म्हणजे?" एफी कडाडली. "माझ्या जोडीला पत्ते कोण खेळणार, तुझी कुबडी?"

"मी फक्त तुमच्या पायाबद्दल लिहीन," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्याबद्दल एक अक्षरही नाही."

त्यांनी तिच्या दंडावर सुईने टोचून खेकड्याचा थेंब सोडला. वीस मिनिटं चौघं त्या दंडाकडे बघत बसली. काही उठलं नाही. लाल ओळ यंत्रातून निघेना, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर हाताने लिहिलं, "मी तपासलं आहे. जाब मला विचारा," आणि सही ठोकली. शस्त्रक्रिया तीन आठवडे पुढे ढकलली.

ग्लेंडाने जखम साफ करून मला आत बसवलं. तिथे अंधार होता, ऊब होती, आणि जंतू होते. मी औषध सोडत राहिले. पहिल्या आठवड्यात पू थांबला. तिसऱ्यात माझ्या भोकांतून तांबूस मांस वर चढलं. ग्लेंडाने फोन करून शस्त्रक्रिया रद्द केली आणि खुर्चीत बसून डोळे पुसले. बर्निस म्हणाली, "रडतेस काय पोरी, चहा टाक." डब्यातलं दूध घालून एफीसकट तिघींनी चहा घेतला. मित्रांनो, इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं. आता मी बोटाच्या पेराएवढीही उरलेली नाही, आणि त्याचं मला काडीचं दुःख नाही.

जाताना तुम्हाला एकच सांगते. "तुला हे चालणार नाही," असं कुणी म्हणालं की "का?" विचारा. उद्धट म्हणाले तर म्हणू द्या.

आणि आता तुम्ही, फॉर्मवाले. वाफ सोसत नाही हे खरं लिहायला तुम्ही जागा ठेवली नाहीत, म्हणून बायका खोटं लिहायला शिकल्या. ते खोटं तुम्ही दगडावर कोरून ठेवलंत. बर्निसला एफी मिळाली. उरलेल्या अकरा जणींच्या नावापुढे ती लाल ओळ आजही आहे. त्यांना विचारायला कोण जाणार आहे, आणि कधी? उत्तर द्या.