शेवटची वीस मिनिटं

त्याच्या बायकोला एका जपानी सिनेमाचं वेड होतं, तेही लग्नाच्या आधीपासून. समुद्रकाठच्या गावात छत्र्या दुरुस्त करणारा माणूस आणि पोस्टात काम करणारी बाई, एवढीच गोष्ट. पण ती सांगायला लागली की तिच्या शिलाई मशीनचं पायडल थांबायचं. दोघं प्रेमाचा शब्द काढत नाहीत, तो नुसती तिची धडधाकट छत्री पुन्हा पुन्हा दुरुस्त करतो, याचं तिला कोण कौतुक!

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. दुसऱ्यांच्या लिफ्ट चालाव्यात म्हणून स्वतः दिवसभर जिने चढणारा. लग्नाच्या वाढदिवसाला ती सिनेमा लावायची आणि पडद्यावरच्या दोघांचं लग्न होईपर्यंत हा घोरायला लागायचा. निदान शेवटची वीस मिनिटं तरी बघा, असं ती दरवर्षी म्हणायची.

यंदा त्याचा पाय मुरगळला आणि तो घरी अडकला. मंगळवारी दुपारी बायको बहिणीकडे गेली. ताईचे गुडघे दुखतात म्हणून गेले दोन महिने ती दर मंगळवारी जात होती. वेळ जाईना तेव्हा त्यानं सिनेमा लावला, आणि पहिल्यांदाच जागा राहिला.

पोस्टातली बाई आपल्या छत्रीवाल्या नवऱ्याला सदऱ्याचं बटण लावायला शिकवत होती. त्याच्या बोटात सुई घुसली तसा हा खो खो हसला. मग ती डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवू लागली, आणि याचं हसू ओसरलं. मागच्याच महिन्यात बायकोनं त्याला असंच समोर बसवून बटण लावून घेतलं होतं. स्वयंपाकघरातल्या डब्यांवरही हल्ली नावं आली होती, मोठ्या, ठळक अक्षरांत.

पडद्यावरची बाई दुखणं लपवून होती. एका सकाळी ती बसमध्ये बसून निघून गेली. उरलेली वीस मिनिटं तो माणूस तिला शोधत राहिला. ती सापडलीच नाही.

त्यानं ताईला फोन लावला. तिचे गुडघे ठणठणीत होते, आणि धाकटी बहीण दोन महिन्यांत तिच्याकडे फिरकलीही नव्हती. काय झालं म्हणून ताई विचारत राहिली; त्यानं काहीबाही सांगून फोन ठेवला. लंगडत जाऊन कपाट उघडलं. बायकोचा कप्पा अर्धा रिकामा. प्रवासाची बॅग पलंगाखाली होती, गच्च भरलेली. ती ओढत आणून तो दाराशी खुर्ची टाकून बसला. घरात एवढी शांतता त्याला कधी जाणवली नव्हती.

साडेपाचला कुलपात किल्ली फिरली. बायकोनं बॅग पाहिली, मग टीव्हीकडे पाहिलं.

"शेवटपर्यंत बघितलात?"

"बघितला. कुठे निघाली होतीस?"

तिनं चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग सगळं सांगितलं. पोटात गाठ होती. दर मंगळवारी तपासण्या चालल्या होत्या. गुरुवारी शेवटचा रिपोर्ट. वाईट निघाला तर दुसऱ्या गावी मैत्रिणीच्या रिकाम्या घरात जाऊन राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. आईच्या आजारपणात वडील कसे खंगत गेले, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"त्या पोस्टातल्या बाईनं बरोबरच केलं," ती म्हणाली. "त्याला तिचे हाल बघावे लागले नाहीत."

"तिनं त्याला विचारलं होतं का?"

इतकी वर्षं त्या बाईच्या निघून जाण्याचं तिनं कौतुकच केलं होतं. मागे राहिलेल्या माणसाच्या बाजूनं तो शेवट तिनं कधी पाहिलाच नव्हता. नवऱ्यानं बॅग उघडली आणि एकेक कपडा कपाटात कोंबायला घेतला. ती नीट घडी घालायची, हा नुसते बोळे करत होता. तिनं त्याला अडवलं नाही.

गुरुवारी दोघं बरोबर गेले. डॉक्टरांनी हे कोण म्हणून विचारलं, तेव्हा तिच्या आधी तोच म्हणाला, "नवरा."

डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, पान उलटून पुन्हा वाचला. मग काही बोलण्याआधी उठून त्यांनी खोलीचं दार लावून घेतलं. रिपोर्ट वाईट आहे हे दोघांना तेवढ्यावरूनच कळलं, आणि नवऱ्यानं आपली खुर्ची तिच्या खुर्चीला लावली.